भुकेले पाणी आणि तलावाचा गिलावा

शाळांना सुट्टी लागली की वसई-विरारच्या किनाऱ्याकडे जाणारे रस्ते भरून वाहू लागतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, नवापूर या पट्ट्यात सुरूच्या आणि नारळाच्या झाडांआड रिसॉर्टांची रांगच लागली आहे. मंडळाची सहल असो, ऑफिसची असो की बचत गटाच्या महिलांची, एक दिवसाची मौज म्हटली की ठिकाण बहुधा हेच. मुले दिवसभर तलावात डुंबतात. रात्री घरी आल्यावर आईच्या लक्षात येते, की पोराच्या अंगठ्याची साल निघाली आहे, टाचा सोलवटल्या आहेत, गुडघ्याला खरचटले आहे. "पाण्यात फार वेळ राहिलास ना, म्हणून," असे म्हणत ती खोबरेल तेल लावते. पाण्यात राहिल्याने कातडी मऊ पडते हे खरे. पण साल निघते ती तळावर पाय घासल्याने. तलावाचा तळ काचकागदासारखा खरखरीत झालेला असतो. तो तसा कोणी केला असे विचाराल, तर उत्तर आहे : पाण्याने.

हे चटकन पटत नाही. आपला सर्वसाधारण समज असा, की पाणी निळेशार दिसले, तळाचे नाणे वरून ओळखता आले, क्लोरीनचा थोडा वास आला, म्हणजे तलाव उत्तम. तलाव चालवणाऱ्या बहुतेकांचा समजही यापलीकडे जात नाही. पाणी निर्जंतुक आहे किंवा नाही हा एक प्रश्न झाला, आणि त्याला पहिला मान आहेच. परंतु तेच पाणी तलावाच्या भिंतीशी कसे वागते, हा दुसरा प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. काचेसारखे स्वच्छ पाणी रात्रंदिवस भिंत खात असू शकते.

बंधू-भगिनींनो, हा विषय श्रीमंतांच्या चैनीचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. पण या तलावांच्या काठावर जाळी घेऊन उभा असलेला, पहाटे ॲसिडचा कॅन उचलणारा, रात्री फिल्टर उलटा धुणारा मुलगा बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो. शिवाय विरार, नालासोपारा, वसईच्या नव्या मोठ्या संकुलांतही आता तलाव आले आहेत आणि त्यांचा खर्च दरमहा देखभालीच्या बिलातून आपल्याच खिशातून जातो. तेव्हा विषय समजून घेतलेला बरा.

तलावाच्या आतला गिलावा सिमेंटचा असतो. कोठे पांढरे सिमेंट व संगमरवराची भुकटी, कोठे साधे सिमेंट व वाळू. वर टाइल्स बसवल्या असल्या तरी त्यांच्या सांध्यांत भरलेला मसाला बहुतेक ठिकाणी सिमेंटचाच. सिमेंटमध्ये पाणी घालून ते घट्ट होते, तेव्हा आत चुना तयार होतो. घट्ट झालेल्या सिमेंटचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा हा साधा विरी गेलेला चुनाच असतो. तोच, जो पानाला लावतात. हा चुना पाण्यात विरघळतो. भिंतीत तो सिमेंटच्या इतर भागांशी आणि वाळूच्या कणांशी बांधलेला असतो म्हणून टिकतो. पाण्याने तो हळूहळू ओढून नेला, की कणांमधला भराव निघून जातो, वाळूचे टोकदार कण उघडे पडतात आणि हात फिरवला तर खरखर लागते.

आता पाणी चुना का ओढते? घरातले उदाहरण घेऊ. बोअरिंगचे पाणी वापरणाऱ्या घरात चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही. हे जड पाणी; त्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. उलट पावसाच्या पाण्याला साबणाचा फेस इतका येतो की हाताचा बुळबुळीतपणा जाता जात नाही. हे मृदू पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. जड पाण्याचे पोट भरलेले आहे, म्हणून ते जास्तीचा चुना भांड्यावर टाकून देते. मृदू पाणी उपाशी आहे, म्हणून जेथे मिळेल तेथून ते चुना घेते. तलावात त्याला मिळण्यासारखे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे गिलावा.

दुसरी गोष्ट आम्लाची. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि रात्रभर राहिला, तर सकाळी तेथे निस्तेज डाग दिसतो व तो कितीही पुसला तरी जात नाही. कारण शहाबादी हा चुनखडीचाच दगड आणि लिंबाच्या आम्लाने तो तेवढ्यापुरता खाल्ला. तलावाच्या पाण्याचे आम्लपण मोजण्याच्या मापाला मराठीत सामू म्हणतात. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. तलावाचा सामू ७.२ ते ७.८ या दरम्यान असावा, असा सर्वमान्य नियम आहे. सामू खाली गेला की पाणी गिलावा खाते, फिल्टरचे आणि शिडीचे लोखंड खाते, पोहणाऱ्याचे डोळे चुरचुरवते. वर गेला की चुना खाली बसू लागतो आणि क्लोरीन निकामी होत जाते. सामू ७.५ असताना पाण्यात टाकलेल्या क्लोरीनपैकी सुमारे निम्मे जोरकस रूपात असते. ८ वर ते चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे पावडर तेवढीच टाकली तरी जंतू मारण्याचे काम अर्धे.

सामूला एका जागी धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पाण्याची अल्कता. ही नसली तर चमचाभर आम्लानेही सामू कोसळतो. बैलगाडीच्या चाकाला जसा आरा, तशी सामूला अल्कता. दर दहा लाख भागांत ८० ते १२० भाग अल्कता व २०० ते ४०० भाग चुन्याचा जडपणा, हे तलावाचे सर्वसाधारण प्रमाण. एक लिटर पाण्यात जितके मिलिग्रॅम, तितके भाग, असा सोपा हिशेब धरावा.

वसई-विरारमध्ये अडचण अशी, की येथे एकाच गावात दोन टोकांची पाणी आहेत. नळाचे पाणी येते ते सूर्या, उसगाव, पेल्हार या धरणांतून. म्हणजे डोंगरावर पडलेला पाऊस साठवलेले. सामान्यपणे असे पाणी मृदू असते. किनाऱ्याकडच्या विहिरी आणि बोअरिंगचे पाणी मात्र जड, आणि समुद्र जसजसा जमिनीखालून आत येतो तसतसे मचूळ. विहिरींतून टँकरने पाणी उपसून नेण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे जे आंदोलन उभे राहिले, त्यामागे हीच धास्ती होती : गोड पाणी उपसले की खारे त्याची जागा घेणार. टँकरवाल्याने आज कोठून भरले हे तलावाच्या माणसाला ठाऊक नसते. सोमवारचा टँकर मृदू, शुक्रवारचा जड. अशा ठिकाणी "गेली दहा वर्षे आम्ही एवढेच टाकतो" हे उत्तर चालणारे नाही.

पाणी उपाशी आहे की अजीर्ण झालेले, हे अंकात सांगण्याची रीत विल्फ्रेड लँगेलियर या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ साली मांडली. कॅलिफोर्निया विद्यापीठात ते पाणीपुरवठ्याचा विषय शिकवीत. त्यांच्यासमोर तलाव नव्हते; शहराच्या लोखंडी नळांना आतून चुन्याचा पातळ थर बसावा आणि नळ गंजू नयेत, एवढ्यासाठी त्यांनी हे गणित बसवले. तलाववाल्यांनी ते पुढे उचलले. लॉगरिथमची भानगड बाजूला ठेवून केलेले त्याचे सोपे रूप कोणाही आठवी पास माणसाला करता येते. सामूमध्ये तीन आकडे मिळवायचे (तपमानाचा, जडपणाचा आणि अल्कतेचा) आणि बेरजेतून १२.१ वजा करायचे. पाणी २९ अंश सेल्सिअस असले तर तपमानाचा आकडा ०.७. जडपणा ५० असेल तर १.३, १०० ला १.६, २०० ला १.९, ४०० ला २.२. अल्कता ५० असेल तर १.७, १०० ला २.०, २०० ला २.३. उत्तर शून्याच्या जवळ आले, म्हणजे उणे ०.३ पासून अधिक ०.३ पर्यंत, की पाणी तृप्त. त्याखाली उपाशी, त्यावर अजीर्ण.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. मृदू पाणी : सामू ७.२, जडपणा ५०, अल्कता ५०. बेरीज ७.२ अधिक ०.७ अधिक १.३ अधिक १.७, म्हणजे १०.९. त्यातून १२.१ गेले, उरले उणे १.२. हे पाणी गिलाव्यावर तुटून पडणार. जड पाणी : सामू ८, जडपणा ४००, अल्कता २००. बेरीज १३.२, उत्तर अधिक १.१. हे पाणी घसरगुंडीवर, टाइल्सवर, पाइपात पांढरे थापे टाकणार आणि फिल्टरच्या वाळूचे ढेकूळ करणार. (पाणी मचूळ असेल तर १२.१ ऐवजी १२.२ वजा करतात. फरक थोडाच आहे.)

मी बी.कॉम. झालेला कारकून, रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. या विषयात मी ओढला गेलो तो एका खतावणीमुळे. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. अर्ज-विनंत्या लिहून घ्यायला लोक येतात, तसाच. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये तो तलावाचे काम पाहत असे. दोन वर्षांपूर्वीच नवा केलेला गिलावा खरखरीत झाला होता, पाहुण्यांच्या तक्रारी येत होत्या, आणि व्यवस्थापकाने ठरवून टाकले होते, की मुलाने तारेच्या ब्रशने घासून गिलावा घालवला. दुरुस्तीचा खर्च पगारातून हप्त्याने कापायचा. "काका, तारेचा ब्रश मी हातात धरला नाही. आणि पाणी तर काचेसारखं होतं," असे तो परत परत सांगत होता.

ब्रशचा पुरावा कोठून आणणार? मी त्याला विचारले, की औषधांच्या खरेदीची वही कोण लिहितो. ती तोच लिहीत होता. दुसऱ्या दिवशी त्याने वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणल्या आणि आम्ही दोघांनी महिन्यावार तक्ता केला. दिसले ते असे. आधी तेथे टीसीएल पावडर वापरत. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो तीच. नव्या गिलाव्यानंतर काही महिन्यांनी टीसीएल बंद होऊन डब्यातल्या ट्रायक्लोर गोळ्या सुरू झाल्या. साठवायला सोप्या म्हणून. टीसीएलसोबत दर आठवड्याला ॲसिडचे दोन कॅन यायचे. गोळ्या सुरू झाल्यावरही ते दोन कॅन तसेच येत राहिले. पावसाळ्यात तुरटी. आणि सबंध दोन वर्षांत सोड्याची एकही गोणी नाही, कॅल्शियम क्लोराइडचे एकही पोते नाही.

याचा अर्थ मला एका निवृत्त पाणीखात्याच्या केमिस्टांनी उलगडून सांगितला. टीसीएलमध्ये मुळातच चुना असतो. ती टाकली की सामू वर जातो आणि पाण्याला रोज थोडा चुना मिळतो. म्हणून तिच्या जोडीला ॲसिड लागते. ट्रायक्लोर गोळी ही स्वतःच आम्ल. तिच्या द्रावणाचा सामू तीनच्या आसपास. तिच्यात चुना नाही. तिच्या जोडीला ॲसिड नव्हे तर सोडा लागतो. तुरटीही अल्कता खाते : एक भाग तुरटीला सुमारे अर्धा भाग. म्हणजे तलावाला चुना देणारी एकच वस्तू बंद झाली आणि अल्कता खाणाऱ्या तीन वस्तू चालू राहिल्या. जमा बाजू कोरी, नावे बाजू भरलेली. तूट कोठून भरून निघणार? गिलाव्यातून. ब्रशचा यात संबंधच नव्हता. खरेदीची जुनी ऑर्डर कोणी बदलली नाही, एवढाच तो गुन्हा होता, आणि ऑर्डर बदलण्याचा अधिकार त्या मुलाला नव्हता.

एक पानाचे निवेदन मुलाच्या नावाने लिहून, तक्ता जोडून दिले. पुढचे हप्ते थांबले. कापलेला पहिला हप्ता मात्र परत मिळाला नाही. व्यवस्थापकाने तपासणीची पेटी मागवली, हेही सांगायला हवे.

तुटीचा आकडा किती असू शकतो, तो पाहा. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे १ लाख लिटर पाणी मावते. या पाण्याने आपला जडपणा गिलाव्यातून नुसता ५० भागांनी वाढवून घेतला, तर भिंतीतून गेलेली चुनखडी भरते ५ किलो. सव्वाशे चौरस मीटर पृष्ठभागावर पसरली तर हे काहीच नाही, असे वाटेल. पण पाणी सगळीकडून सारखे खात नाही. जेथे गिलावा कच्चा, जेथे थापीचा हात कमी पडला, तेथे ते खोल जाते. आणि हे एकदाच होत नाही. पाणी बदलले की पुन्हा ५ किलो, पाऊस पडला की पुन्हा.

उपाशी पाण्याला जेवण घालायचे ते असे. अल्कता आधी. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, १ लाख लिटरला सुमारे १ किलो ७०० ग्रॅम टाकला की अल्कता १० भागांनी वाढते. नंतर चुना. चुना म्हणजे चुनकळी नव्हे. ती टाकली तर सामू गगनाला भिडतो. कॅल्शियम क्लोराइड वापरायचे. १ लाख लिटरला सुमारे दीड किलोने जडपणा १० भागांनी वाढतो. वरच्या उदाहरणातल्या मृदू पाण्याची अल्कता ५० वरून ९० करायला पावणेसात किलो सोडा आणि जडपणा ५० वरून २०० करायला बावीस किलो कॅल्शियम क्लोराइड लागेल. सामू ७.५ वर आणला की उत्तर जवळपास शून्य येते. सोडा आणि कॅल्शियम एकाच वेळी टाकू नयेत. दोघांची तलावातच गाठ पडून चुनखडी तयार होते व पाणी दुधासारखे होते. मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. कॅल्शियम क्लोराइड बादलीत विरघळताना बादली चांगलीच तापते, म्हणून भरलेल्या बादलीत थोडे थोडे टाकावे.

जड विहिरीच्या पाण्याचे उलट. त्यातला जडपणा काढणारे स्वस्त औषध नाही. काही पाणी काढून त्या जागी नळाचे किंवा पावसाचे मृदू पाणी भरणे हाच उपाय. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागेच राहतात आणि वरून आपण पुन्हा जड पाणी ओततो, त्यामुळे मे अखेरीस जडपणा फार वाढतो. धबधबे, घसरगुंड्या, पाण्याचे फवारे असलेल्या ठिकाणी पाणी हवेत उडून त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू आपोआप चढतो. तेथे ॲसिडची खरी गरज असते. मचूळ पाण्याचा आणखी एक दोष असा, की त्यातले मीठ गिलाव्यातून आत झिरपून सळया गंजवते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून तडा देते. हे औषधाने सुधारत नाही.

हिरवे शेवाळ मारण्यासाठी काही जण मोरचूद टाकतात. शेवाळ मरते, पण सामू चढला की तांबे गिलाव्यावर बसते आणि हिरवट-काळे डाग पडतात. मग डाग घालवायला ॲसिड मारतात. दर हंगामाआधी तलाव रिकामा करून ॲसिडने धुण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर मला विचाराल तर रंग निघाला म्हणून दरवर्षी दार रंध्याने तासण्यासारखी आहे. तलाव पांढरा शुभ्र दिसतो, कारण वरचा थर गेलेला असतो. दुसऱ्या वर्षी खालचा खरखरीत थर शेवाळाला अधिक धरून ठेवतो, म्हणून ॲसिड अधिक. असे चार हंगाम गेले की नवा गिलावा.

नव्या गिलाव्याबाबत एवढेच, की पहिला महिना त्याच्या जन्माचा असतो. त्यातून चुना आपणहून बाहेर येतो, सामू वर चढतो, पाण्यात पांढरी भुकटी दिसते. रोज मऊ ब्रशने झाडावे, सामू रोज पाहावा. भरताना मध्येच थांबू नये, नाहीतर त्या रेषेवर कायमचे कडे उमटते. आणि पहिले पाणी उपाशी असेल तर त्यात आधी सोडा घालावा.

तपासणीची पेटी लहान असते. तांबडे थेंब टाकून रंग जुळवला की सामू, पिवळ्या रंगावरून क्लोरीन. या दोन नळ्या पुष्कळ ठिकाणी असतात. अल्कता आणि जडपणा मोजण्याच्या बाटल्या वेगळ्या मागाव्या लागतात आणि त्याच कोणी मागत नाही. अल्कतेत थेंब मोजत जाऊन हिरव्याचा तांबडा होईपर्यंत, जडपणात तांबड्याचा निळा होईपर्यंत. सामू व क्लोरीन रोज, बाकी दोन आठवड्यातून एकदा. संकुलात राहणाऱ्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत तलावाच्या कंत्राटदाराकडे हे चार आकडे लिहिलेली वही मागावी. तलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानकही आहे, क्रमांक ३३२८, सन १९९३. "पाणी एकदम क्लिअर आहे साहेब" हा आकडा नव्हे.

आता त्या काठावर उभ्या असलेल्या मुलाविषयी. ॲसिड टाकण्याची आपल्याकडची रीत म्हणजे कॅनचे तोंड उघडून काठाने चालत ओतत जाणे. ॲसिड पाण्यापेक्षा जड. ते मिसळण्याआधी सरळ तळाशी जाते आणि जेथे बसेल तेथला गिलावा खाते. कित्येक तलावांच्या तळाशी काठालगत दिसणारे खरखरीत पट्टे असे आलेले असावेत. आधी मोठ्या बादलीत पाणी घ्यावे, त्यात ॲसिड घालावे, ॲसिडवर पाणी कधीही नाही, आणि पंप चालू असताना खोल भागात, पाणी आत येणाऱ्या तोंडापाशी सोडावे. गोळ्याही नुसत्या तळाशी फेकू नयेत. जेथे पडतात तेथे पांढरा, खाल्लेला वण राहतो. त्या तरंगत्या डब्यात ठेवाव्यात.

पण गिलाव्यापेक्षा फुप्फुस महाग आहे. ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ज्या बादलीत सकाळी पावडर कालवली तीच न धुता दुपारी ॲसिडला घेतली, तरी पुरे. खोकला, छातीत आग, डोळ्यांतून पाणी. बंद खोलीत जिवावर बेतते. टीसीएल आणि ट्रायक्लोर गोळ्या एकत्र झाल्या, त्यात थोडे पाणी पडले, तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. दोन्ही क्लोरीनचीच औषधे, म्हणून एकाच पिंपात ठेवलेली मी पाहिली आहेत. तिन्ही वस्तूंना वेगळी जागा, वेगळा मग, वेगळी बादली. पंपाच्या बिनखिडकीच्या खोलीत यांपैकी एकही नको, कारण बहुतेक ठिकाणी तीच या मुलांची झोपायची खोलीही असते. रबरी मोजे, चष्मा आणि बूट मालकाने द्यायचे असतात. ते मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. वास आलाच तर वाऱ्याच्या उलट दिशेला चालू लागावे, आधी बादली सरळ करायला जाऊ नये.

राहता राहिला पावसाळा. हंगाम संपला की रिसॉर्टचे लक्ष तलावावरून उडते, आणि गिलाव्याचे सर्वांत जास्त नुकसान याच चार महिन्यांत होते. वसईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे दोन मीटर, आणि आपला तलाव १.४ मीटर खोल. तलावाच्या तोंडावर त्याच्या स्वतःच्या पाण्यापेक्षा अधिक पाऊस पडतो : सुमारे १ लाख ४४ हजार लिटर. पाऊस मिसळत आणि पाणी वरून वाहून जात राहिले, तर मूळ पाण्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. जूनमध्ये जडपणा २०० असेल तर सप्टेंबरात तो ५० च्या खाली. पावसाच्या पाण्यात चुना नाही, अल्कता नाही, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषल्याने त्याचा सामू साडेपाचच्या आसपास असतो. तलाव बंद आहे म्हणून कोणी पाहत नाही. पाणी मात्र चोवीस तास कामावर असते.

मग तलाव रिकामा ठेवावा काय? किनाऱ्याच्या गावांत तर मुळीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी काठोकाठ भरतात. तेच पाणी रिकाम्या तलावाला खालून ढकलते आणि तळ उचलला जातो किंवा तडकतो. भरलेलाच ठेवावा. मृगाच्या आधी अल्कता आणि जडपणा वरच्या मर्यादेला नेऊन ठेवावा, पंप रोज तास-दोन तास फिरवावा, आणि दर पंधरा दिवसांनी, किंवा मोठी झड येऊन गेल्यावर दुसऱ्या सकाळी, चारही नळ्या भरून पाहाव्यात. जडपणा दीडशेच्या खाली गेला की कॅल्शियम क्लोराइडचे एक पोते. ते पोते मे महिन्यातच आणून कोरड्या जागी, घट्ट बांधून ठेवावे. हवेतला दमट ओढून घेण्याचा त्याचा स्वभाव असल्याने उघडे राहिलेले पोते आषाढात पाणी होऊन वाहून जाते.